आजोबांचा 'वाघ' नेमका कोणता? शिकारीच्या आठवणी पुरावा म्हणून वाचताना



पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने मध्यंतरी विचारलं, "माझ्या आजोबांकडे लहानपणीच्या शिकारीच्या खूप गोष्टी आहेत. आमच्या माळावर तेव्हा कोणकोणती जनावरं होती, ते सगळं सांगतात. हे प्रपोजलमध्ये घालता येईल का, की गाईड हसतील?" दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून हा लेख. ज्यांना पर्यावरणाचा इतिहास, वन्यजीव किंवा गावाचा इतिहास यातल्या कशावरही काम करायचं आहे, त्यांना यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

आधी हसण्याचं बघू. आपण सायन्सवाले अशा गोष्टींना 'ॲनेकडोट' म्हणतो, म्हणजे किस्सा, आणि बाजूला ठेवतो. नमुना एक, कंट्रोल नाही, मोजमाप नाही. एमएस्सीला हेच शिकवतात आणि त्यात गैर काही नाही. पण १९९५ साली डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने एका पानाचा एक लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच 'ॲनेकडोट' हा शब्द ठेवला. त्याचं म्हणणं असं की, प्रत्येक पिढीतला शास्त्रज्ञ आपण काम सुरू केलं तेव्हा समुद्रात जेवढे मासे होते तेवढेच 'मूळचे' धरतो. पुढची पिढी त्याहून कमी माशांना मूळ धरते. असं करत करत मोजपट्टीच खाली सरकत जाते आणि किती गमावलं ते कुणालाच कळत नाही. याला त्याने 'शिफ्टिंग बेसलाइन' म्हटलं. उदाहरण म्हणून त्याने काय दिलं, तर एका सहकाऱ्याच्या आजोबांची आठवण. १९२०च्या दशकात डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या समुद्रात त्यांच्या बांगड्याच्या जाळ्यांत ट्यूना मासे अडकायचे, आणि त्यांना गिऱ्हाईकच नसल्याने त्या आजोबांना या माशांचा वैताग यायचा. आज हा संदर्भ जगभर दिला जातो. म्हणजे आजोबांची गोष्ट शास्त्रात आलेली आहेच. तेव्हा 'चालतं का' हा प्रश्न सोडून देऊ. त्या गोष्टीला नेमकं काय विचारायचं, हा खरा प्रश्न आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लहानपणीच्या शिकारीच्या आठवणी 'किती जनावरं होती' या प्रश्नाला फार वाईट उत्तर देतात. 'शिकार कशी करायचे, कुठे, कोण, कुणाच्या परवानगीने, आणि मटण कुणाला किती' या प्रश्नांना फार चांगलं उत्तर देतात. आपण बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतो आणि निराश होऊन परत येतो.

एक उदाहरण घेऊ. समजा कोल्हापूर भागातल्या नव्वदीच्या एखाद्या आजोबांनी सांगितलं की, लहानपणी मी चित्ता पाहिलाय, काळवीट धरताना पाहिलाय. तुम्ही काय कराल? भारतातले शेवटचे तीन चित्ते १९४७ साली कोरियाच्या राजाने मारले (कोरिया संस्थान, आजच्या छत्तीसगडमध्ये, लगेच तो दुसरा कोरिया डोळ्यांपुढे येतो म्हणून सांगितलं), आणि १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. दख्खनच्या पठारावर तर तो त्याआधीच अगदी दुर्मीळ झाला होता. मग आजोबांना बिबट्या दिसला असेल, असं लिहून आपण मोकळे होतो.

पण आजोबा खरं बोलत असण्याची दाट शक्यता आहे. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी माणसाळवलेले चित्ते होते. चित्त्याला बंदिवासात पिल्लं होणं फार कठीण, त्यामुळे शिकारीचा प्रत्येक चित्ता रानातून धरून आणावा लागायचा. इथले रान रिकामे झाल्यावर संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून मागवायला सुरुवात केली. दिव्यभानुसिंह यांनी चित्त्याच्या भारतातल्या इतिहासावर १९९५ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं सविस्तर आहे. १९१८ ते १९४५ या काळात असे साधारण २०० चित्ते बोटीने भारतात आले, त्यात कोल्हापूर आणि भावनगर ही मोठी गिऱ्हाइकं. म्हणजे आजोबांनी चित्ता पाहिला हे खरं, त्याने काळवीट धरलं हेही खरं. फक्त तो चित्ता आफ्रिकेतला होता, आणि ते त्या पोराला कुणी सांगायला गेलं नव्हतं. आठवण बरोबर, तिच्यावरून 'तेव्हा आमच्या माळावर चित्ते होते' असा काढलेला निष्कर्ष चूक. २०२२च्या सप्टेंबरात कुनोला नामिबियाहून चित्ते आले, तेव्हा टीव्हीवर 'पहिल्यांदाच' हा शब्द ऐकून मला या जुन्या बोटी आठवल्या होत्या.

दुसरी अडचण शब्दांची, आणि ही आपल्या भाषेतलीच. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत 'वाघ' म्हटलं की बहुतेक वेळा बिबट्या असतो. पट्टेवाला असेल तर 'ढाण्या वाघ' किंवा 'पट्ट्याचा वाघ' असं मुद्दाम सांगतात. बिबळ्या, वाघरू हे शब्द आहेतच. त्यात हिंदी सिनेमा आणि बातम्यांमुळे बिबट्याला 'चित्ता' म्हणणारेही भेटतात. तुम्ही मुलाखतीत हुशारीने विचारता, "अंगावर पट्टे होते की ठिपके?" आजोबा म्हणतात, "पट्टे होते की!" आणि तुम्ही वहीत वाघ लिहिता. पण पट्टे तर तरसालाही असतात. शिवाय या प्रश्नात तुम्ही उत्तराचे दोन पर्याय आधीच देऊन ठेवलेत.

त्यापेक्षा चाल विचारा. आवाज विचारा. मागचे पाय आखूड होते का असं विचारू नका, 'पळताना कसं दिसायचं ते करून दाखवा' म्हणा. लहानपणी गुरं राखलेला माणूस तरसाची ती मागून खाली गेलेली पाठ उभं राहून करून दाखवतो, हे मी स्वतः पाहिलंय. त्यानंतर शंका उरत नाही. फोटोकार्डं वापरत असाल तर त्यात त्या भागात कधीच नसलेल्या एकदोन प्राण्यांचे फोटो मिसळा. कुणी त्यालाही 'हा होता, हा होता' म्हणालं तर तो माणूस खोटारडा आहे असं नव्हे, पाहुण्याला नाही म्हणायचं नाही या सवयीने तो बोलतोय एवढं तुम्हाला कळतं.

इथे आणखी एक गृहीतक निघतं. 'शेतात वाघ यायचा म्हणजे तेव्हा जवळ जंगल असणार' असं आपण धरून चालतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरा ट्रॅप लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ऊस आणि वस्ती असलेल्या, अभयारण्य नसलेल्या त्या खोऱ्यात दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि तरसंही होती. तेव्हा गोष्टीत बिबट्या आला म्हणून नकाशात जंगल काढायची घाई करू नका.

आता तारखांकडे येऊ. ७०-८० वर्षांपूर्वीची घटना कुठल्या साली घडली हे कुणालाच सांगता येत नाही, तुम्हाआम्हालाही येणार नाही. गावाकडचे लोक मोठ्या घटनांना धरून काळ सांगतात. आपल्याकडे त्यासाठी चांगले खांब आहेत: गांधीवधानंतरची १९४८ची जळीतं, १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, आणि सगळ्यांत मोठा म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. 'भूकंपाच्या आधी की नंतर' विचारलं की उत्तर लगेच येतं. मुलाखतीला जाताना त्या गावाचा असा घटनांचा तक्ता करून न्या, खूप फरक पडतो.

मात्र बहात्तरच्या बाबतीत सावध राहा. पठारावरच्या कितीतरी मुलाखतींत एक वाक्य ठरलेलं असतं, "बहात्तरनंतर जनावरं गेली." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकावर एक बसल्या आहेत. त्या साली दुष्काळ होता. त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. आणि त्या सुमाराच्या पुढेमागे माळरानं नांगराखाली जाणं, विहिरी, कालवे, ऊस हे सगळं वाढत गेलं. जनावरं पाण्यावाचून गेली, बंदुकीने गेली की गवत गेल्यामुळे गेली? की ती गेलीच नाहीत, फक्त शिकार बंद झाल्यावर माणसांचं रानात जाणं थांबलं आणि म्हणून दिसेनाशी झाली? चौथी शक्यता कुणी तपासत नाही, पण मला ती बऱ्याच ठिकाणी खरी वाटते. जो माणूस आठवड्यातून दोनदा पहाटे सशाच्या मागे ओढ्याओढ्याने फिरायचा, त्याने फिरणं सोडलं तर त्याला खोकड कुठून दिसणार?

यातलं काय खरं हे सोडवायचं तर पुन्हा कृतीकडे जावं लागतं. आधी कोणतं जनावर दिसेनासं झालं, मग कोणतं? काळवीट आधी गेलं की लांडगा? शेरडं चारायला लांब न्यावी लागायला कधी सुरुवात झाली? बंदूक कधी जमा केली, की जमा केलीच नाही? आणि कायद्याचा भाग तर कागदावरून तपासता येतो. 'कायदा आला आणि शिकार बंद झाली' ही आठवण आता इतकी सरळ झाली आहे की अभ्यासक पण तसंच लिहितात. प्रत्यक्षात मुंबई राज्यात १९५१ सालीच वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा होता. १९७२च्या मूळ कायद्यातही परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करायची सोय होती, ती १९९१च्या दुरुस्तीने गेली. दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्यानंतर पीक संरक्षणासाठी बंदुकांचे परवाने दिले जात होते, आणि त्या बंदुका फक्त पिकातल्या डुकरावरच चालल्या असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. तेव्हा १९७२ हे साल थिसिसमध्ये भिंतीसारखं उभं करू नका.

आकड्यांचं मात्र मी आधी म्हटलं तेच. 'कळपच्या कळप', 'मोजता येत नव्हते एवढे' हे वाक्य डेटा नाही. पण आकडा कधी टिकतो याचं एक मजेशीर उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. सलीम अलींची ती पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट सगळ्यांना शाळेपासून माहीत असते: १९०८ साली छोट्या एअरगनने मारलेली चिमणी, मामा अमिरुद्दीन तय्यबजी, मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांची भेट. संशोधनाच्या दृष्टीने मला त्यांच्या आत्मचरित्रातली दुसरी चिमणी जास्त मोलाची वाटते. त्याच्या आधीची, १९०६-०७ची त्यांची एक टिपण आहे, म्हणजे वय जेमतेम दहा. तबेल्यात घरट्याजवळच्या खिळ्यावर नर बसायचा आणि मादी आत अंड्यांवर. हा मुलगा गाडीमागे दबा धरून नराला मारायचा. थोड्या वेळात मादीजवळ दुसरा नर हजर. ७ दिवसांत ८ नर. आज वाचताना कसंतरीच होतं. पण विणीच्या काळात जोडीशिवायचे नर किती असतात आणि किती लवकर जागा घेतात, यावरचं हे खरंखुरं निरीक्षण आहे. ते टिकलं, कारण त्या पोराने तेव्हाच लिहून ठेवलं. हीच गोष्ट त्यांनी ८८व्या वर्षी नुसती आठवून सांगितली असती तर ८चे १८ झाले असते की नाही, कोण सांगणार?

म्हणून आजोबांना आकडा विचारण्याआधी घरात एखादी वही, परवान्याचा कागद, भिंतीवरचा फोटो, माडीवर पडलेलं शिंग आहे का बघा. शिंगाची लांबी आजही मोजता येते.

हे वाचून कुणाला वाटेल, मग आठवणी सोडा आणि सरकारी दप्तरातच बसा. बसाच, पण तिथले आकडे फार स्वच्छ आहेत असं समजू नका. ब्रिटिश काळात 'उपद्रवी' जनावरं मारण्यासाठी बक्षीस मिळायचं. महेश रंगराजन यांनी त्या नोंदी गोळा करून जो हिशेब मांडला, त्यानुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि सुमारे २ लाख लांडगे मारले गेले. आकडा वाचून छाती दडपते. पण तो मोजतो काय, तर बक्षिसासाठी आलेली जनावरं. बक्षिसाची रक्कम वाढवली तर पुढच्या वर्षीचा आकडा वाढू शकतो, रानात लांडगे वाढलेले नसतानाही. आणि बक्षीस न मागता ज्याने शेरडं खाणारा लांडगा मारला तो या तक्त्यात नाहीच. तो फक्त कुणाच्या तरी आठवणीत आहे. १८८०च्या दशकातली जिल्हा गॅझेटियर्स (पुणे, सातारा, नगर, सोलापूर) वन्य प्राण्यांवरचा मजकूर देतात, तो जरूर वाचा. पण तोही साहेबाच्या बंदुकीच्या टप्प्यात काय आलं याचा मजकूर आहे हे लक्षात ठेवून.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग. शिकारीची आठवण कोण सांगतो?

राजस्थानातल्या सावर या छोट्या संस्थानावर ॲन गोल्ड आणि भोजूराम गुजर यांचं २००२ सालचं पुस्तक आहे. मौखिक इतिहास करणाऱ्याने ते वाचायलाच हवं. तिथल्या राजाने झाडं आणि रानडुकरं राखली होती. डुकराला हात लावायची प्रजेला बंदी. राजाला शिकारीचा शौक, आणि शेतकरी रात्र रात्र शेतात जागून नुसते हाकलणार, मारायचं नाही. १९४७ साली तो राजा वारला, पुढच्या काही वर्षांत झाडं तुटली, डुकरंही संपली. म्हातारी माणसं झाडांसाठी हळहळतात आणि त्याच दमात डुकरं गेली ते बरं झालं म्हणतात. आपण शहरातून जातो तेव्हा डोक्यात एक वाक्य तयार असतं: पूर्वी निसर्ग होता, आता गेला, लोक दुःखी आहेत. सावरच्या लोकांना त्या रानाबरोबर वेठ आणि मारही आठवतो. जनावर भरपूर होतं, कारण ते मारायचा हक्क एकाच माणसाकडे होता.

आपल्याकडे हाच प्रश्न जातीच्या अंगाने येतो. वाड्यातल्या आजोबांकडे शिकारीच्या आठवणी असतात, त्या रंगवून सांगता येतात, त्यांची पुस्तकं होतात, दिवाणखान्यात शिंगं लागतात. त्या शिकारीत रान उठवणारे हाकारे, कुत्री सांभाळणारे, माग काढणारे वेगळे असतात. त्यांना विचारलं की गोष्ट बदलते. ससा कसा मारला हे थोडक्यात येतं, वाटणी सविस्तर येते: वाघर ज्याची त्याला किती, कुत्र्याच्या नावाचा वाटा कुणाच्या घरी गेला, डोकं कुणाला, आणि कुणाला नुसतं आतडं-काळीज. घरातल्या बायकांना तर कुणी विचारतच नाही, कारण त्या शिकारीला गेल्या नव्हत्या. पण साळिंदराचं मटण शिजायला किती वेळ लागतो, वर्षातून किती वेळा असं मटण घरात आलं, आणि कोणत्या वर्षानंतर ते आलं नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. सतत शिजवणाऱ्या माणसाचा हिशेब हा कधीतरी बंदूक चालवणाऱ्यापेक्षा भरवशाचा असतो. माझ्या मते 'किती' या प्रश्नाला उत्तर मिळायचं असेल तर ते चुलीपाशी मिळेल.

आणि पारधी. ज्यांचं पोटच शिकारीवर होतं, त्यांना आपल्या इतिहासात 'शिकारी' हा मान मिळाला नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची चौकट पुढे त्यांच्यावरही बसली, ती उठली १९५२ साली. त्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या वन्यजीव कायद्याने उरलेला धंदाही गुन्हा झाला. एकाच माळावर, एकाच काळात तितर धरणाऱ्या दोन मुलांपैकी एकाची आठवण 'रम्य बालपण' होते आणि दुसऱ्याची कबुलीजबाब. तुमच्या रेकॉर्डरपुढे दोघं सारखं बोलतील अशी अपेक्षा करू नका.

म्हणून संमतीपत्र ही फॉर्मॅलिटी म्हणून उरकायची गोष्ट नाही. कुणाची आठवण त्याला अडचणीत आणू शकते, विशेषतः ती कायद्यानंतरच्या काळातली असेल तर. नाव, गाव, वस्ती काढून टाका. ओढ्याचं नावसुद्धा कधीकधी पुरेसं असतं ओळखायला, तेही काढा. मूळ ऑडिओ पासवर्डखाली ठेवा, आणि रेकॉर्डर बंद करा म्हटलं की लगेच बंद करा, 'एवढंच सांगा' नको. जिथे आजही एखाद्या प्राण्याची शिकार होते, तिथे त्याची जागा आणि पद्धत थिसिसमध्ये नकाशासह छापायची की नाही, हे आधी गाईडशी आणि एथिक्स कमिटीशी बोलून ठरवा. तुमचा पीडीएफ कुणीही उघडतो.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी या नोंदीखाली काही नावं आहेत, ती कधी काढून वाचा: फासेपारधी, लंगोली पारधी, चित्ता पारधी, शिकारी, आणि आणखी काही. चित्त्याचं नाव लागलेली माणसं आजही त्या यादीत आहेत. कोल्हापूरसाठी बोटीने आलेल्या चित्त्यांवर पुस्तक आहे, संस्थानिकांचे फोटो आहेत. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवणाऱ्या, त्याला चारणाऱ्या, त्याच्याशेजारी झोपणाऱ्या घरांतल्या पोरांनी काय पाहिलं, त्याच्या मुलाखती अगदी थोड्या आहेत. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं कुणी आज असलंच, तर नव्वदीच्या आसपास असेल. कुणाला विषय हवा असेल तर घ्या, पण पुढच्या वर्षीच्या फिल्डवर्कसाठी ठेवू नका.